तांबड्याखालचा पांढरा

आसगाव, शिवोली, मयडे, हळदोणे. बार्देशातल्या या गावांत जुनं घर विकत घेणं ही दिल्ली-मुंबईच्या पैसेवाल्यांची आता रीत होऊन बसली आहे. घर घ्यायचं, मंगलोरी कौलं उतरवून वासे बदलायचे, कौलं पुन्हा चढवायची, परसातल्या विहिरीशेजारी पोहण्याचा तलाव खणायचा आणि मग आतल्या भिंतींचं काय करायचं यावर महिनोन्‌महिने खल करायचा. भिंतीला नुसता रंग काढणं या मंडळींत कमीपणाचं मानतात. त्यांना ‘फिनिश’ हवं असतं. त्यासाठी इटलीहून चुन्याच्या लगद्याचे डबे येतात आणि पाठोपाठ तो लावणारा माणूस मुंबईहून येतो. मोरोक्कोतल्या हमामांच्या भिंतींवरचं तादेलाक्त इथल्या न्हाणीघरात चढतं. ज्या घराच्या चिऱ्याचिऱ्यामधल्या दरजा चुन्यानेच भरल्या आहेत, त्या घरात परदेशी चुना बोटीच्या भाड्यासकट आणून लावतात, आणि सोलून काढलेल्या जुन्या गिलाव्याचा ढीग फाटकाबाहेर पडलेला असतो.

या बाजारात अलीकडे एक गावठी नाव शिरलं आहे : कावी. गोव्यात, सिंधुदुर्गात आणि खाली कारवार-अंकोला-कुमठ्यापासून भटकळपर्यंतच्या पट्ट्यात देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर पांढऱ्या गिलाव्यात तांबडी नक्षी दिसते, ती कावी. काव म्हणजे लाल माती. जांभ्याच्या मुलखात ती पायाखाली पडलेली असते. बरेचदा मात्र जास्त गडद तांबडा हवा म्हणून हुरमुजी वापरत. ती इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटावरची लाल माती, गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर यायची. दोनच रंग, पांढरा आणि तांबडा. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खातं रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांनाही हेच दोन रंग देतं, त्यामुळे या जोडीला कुणी खानदानी समजत नाही. मोरजीच्या मोरजाई देवळाच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर ती समजूत गळून पडते.

लांबून ते भिंतीवर रंगवलेलं चित्र वाटतं, पण तिथे कुणी ब्रश चालवलेला नाही. भिंतीवर पांढऱ्या चुन्याचा थर, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. जो तांबडा उरला तो आकार, जो गेला ती पार्श्वभूमी. काढून टाकण्यातून चित्र उभं करायचं असल्यामुळे चूक झाली तर वरून रंग लावून ती झाकता येत नाही. तेवढा तुकडा उकरून थर पुन्हा चढवावे लागतात आणि तो जोड नंतर कायम दिसत राहतो.

बार्देशातल्याच एका घराच्या व्हरांड्यात हे काम चाललेलं मी पाहिलं. मालक बाहेरचा, मेस्त म्हणजे गवंडी आसपासच्या गावातला. व्हरांड्याच्या आतल्या भिंतीवर खांद्याच्या उंचीवर एक आडवी पट्टी काढायची होती : वेल, वेलीत कमळं आणि दर कमानीवर एक मोर. काम सुरू झालं त्याच्या कितीतरी आधी चुना भिजत पडला होता.

चुन्याची ही तयारी समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. किनाऱ्यावर चुनखडीच्या खाणी नाहीत, म्हणून पूर्वी तिसऱ्या, खुबे, कालवं यांच्या शिंपल्या गोळा करून भट्टीत भाजत. सुमारे ९०० अंशांवर शिंपलीतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की फसफसतो, तापतो आणि विरून लोण्यासारखा बसतो. हा विरवलेला चुना, नदीतली धुतलेली वाळू आणि गुळाचं पाणी एकत्र करून पंधरवडाभर आंबवत ठेवायचं, मग कुटायचं. पुन्हा पुन्हा कुटायचं. गूळ कशाला, असं मालकाच्या आर्किटेक्टने विचारलं तेव्हा मेस्ताने फक्त ‘धरता’ एवढंच सांगितलं. रसायनशास्त्राचं उत्तर थोडं लांब आहे : साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, मिश्रण मऊ राहतं आणि सुकण्याचा वेग मंदावतो. सळई हातात घेतलेल्या माणसाला जी दोन-चार तासांची मुदत लागते, ती बरीचशी त्या गुळाने दिलेली असते.

आता शिंपल्यांच्या भट्ट्या फारशा उरल्या नाहीत. इथे वापरलेला चुना राजस्थानातला, नागौर जिल्ह्यातल्या गोटनकडचा, पोत्यातून आलेला होता. देशभर जिथे जिथे जुन्या इमारतींची डागडुजी चुन्यात होते तिथे बऱ्याच ठिकाणी हेच. मेस्ताला तो पसंत नव्हता. शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा वेगळा दिसतो, असं त्याचं म्हणणं. मला फरक दिसला नाही. पण मी काही त्या पांढऱ्यात आयुष्य काढलेलं नाही.

पांढरा थर थापीने ओढून झाला. तो बोटाने दाबला तर ठसा उमटेल पण बोटाला चिकटणार नाही इतपत आवळेपर्यंत थांबायचं. मग काव कालवलेला चुना, दाट ताकाइतका पातळ, दोन हातांत. तोही आवळू द्यायचा. या थांबण्यातच सगळं कसब आहे. तांबडा फार ओला असताना सळई लावली तर लाल पाणी पांढऱ्यात उतरतं आणि नक्षीच्या कडेला गुलाबी झाक येते. फार सुकल्यावर लावली तर कडा तडकून झिरमिळ्या निघतात. जुन्या देवळांतल्या पट्ट्या जवळून पाहिल्या तर कुठे कारागिराला घाई झाली होती आणि कुठे जेवून परतायला उशीर झाला होता, हे त्या गुलाबीवरून आणि त्या झिरमिळ्यांवरून वाचता येतं.

मेस्ताने आधी दोऱ्याने रेघा मारल्या, कंपासने कमळांची वर्तुळं घेतली. वर्तुळाच्या मध्यावर कंपासच्या टोकाचा बारीक खड्डा पडतो. तोही जुन्या कामात दिसतो, कुणी बुजवत नाही. मग काटा. त्याच्याकडे तीन होते, एक तर सायकलच्या चाकाची तार घासून केलेला. पाकळीची बाह्यरेषा एका दमात, मनगट न उचलता. मधला तांबडा तसाच ठेवून बाहेरचा खरवडायचा, खरवड पडते ती ओल्या फडक्याने न पुसता कोरड्या कुंचल्याने झटकायची, कारण पुसली की पुन्हा गुलाबी. मोराच्या पिसाऱ्यातली छटा रंगाने येत नाही, ती रेघांनी आणायची : दाट रेघा तिथे उजेड, विरळ तिथे अंधार. कोरून झालं की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचं. घोटताना चुन्याचे कण बसतात, रंध्रं मिटतात आणि भिंतीवर एक मंद तकाकी येते. पुढे कित्येक महिने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हा चुना पुन्हा चुनखडी होत जातो आणि तांबडा रंग त्या दगडात अडकून बसतो. कोकणातला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊन उघड्या भिंतीवरची नक्षी पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती यामुळे.

संध्याकाळपर्यंत पट्टीचा जो तुकडा पुरा झाला तो पाहून मालकाच्या आर्किटेक्टने मनातल्या मनात गुणाकार केला असावा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

ओल्या गिलाव्यावर खरवडून चित्र काढायची युक्ती फक्त आपलीच आहे असं नाही. इटलीत तिला स्ग्राफितो म्हणतात. व्हसारीने १५५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कलावंतचरित्रांच्या प्रस्तावनेत तिची कृती दिलेली आहे. स्पेनमधलं सेगोव्हिया शहर अशा नक्षीदार दर्शनी भिंतींसाठी प्रसिद्ध आहे आणि पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतात, एव्होराच्या आसपास, ती आजही दिसते. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात. तेव्हा कावी त्यांनी आणली की ती आधीची, हा वाद ओघाने आलाच. एक बाजू म्हणते तंत्र सारखं आहे, मग उगम सारखा. दुसरी म्हणते की बाटवाबाटवीच्या काळात दक्षिणेला गेलेल्या सारस्वत आणि इतर कुटुंबांनी ही कला सोबत नेली, म्हणजे ती त्यांच्या घरची होती. माझ्यापुरतं सांगायचं तर चुना, लाल माती आणि टोकदार काडी ज्या प्रदेशात आहे तिथे हे कुणाला तरी सुचणारच. मोर, कमळ, कलश, दशावतार कुठून आले हे कुणाला विचारायला नको. वादाचा एक फायदा मात्र झाला, कावीबद्दल काहीतरी लिहिलं गेलं.

नीट लिहिणारा पहिला माणूस कलेच्या प्रांतातला नव्हता. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) होन्नावरचे, शिक्षणाने शास्त्रज्ञ, अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेले आणि मग नोकरीपेक्षा भटकंतीत रमलेले. कॅमेरा घेऊन ते किनाऱ्यावरची देवळं हिंडले, गवंड्यांना चुना, गूळ आणि हुरमुजीचं प्रमाण विचारत बसले, हत्यारांची चित्रं काढली. आज कावीवर जे कुणी काम करतात ते या ना त्या वाटेने कामतांच्या नोंदींपाशी पोहोचतात. शास्त्रज्ञाने केलेली नोंद असल्यामुळे तिच्यात कौतुक कमी आणि कृती जास्त आहे, हे भाग्यच.

कामतांनी फोटो काढलेल्या भिंतींपैकी कितीतरी आता नाहीत. सिरसीच्या मारिकांबेचं देऊळ कावीच्या चित्रांसाठी ओळखलं जायचं. तिथलं बरंचसं काम नूतनीकरणात गेलं. हे एका देवळाचं गाऱ्हाणं नव्हे. किनाऱ्यावर गावोगाव जीर्णोद्धार निघतात, मुंबईच्या चाकरमान्यांची वर्गणी जमते आणि कमिटीची पहिली बैठक होते तेव्हाच ठरतं की भिंतींना टाइल्स लावायच्या. पुसायला सोप्या, धूप-तेलाचा डाग पडत नाही, दरवर्षी चुना मारायला नको. कमिटीतल्या माणसांना दोष देणं सोपं आहे. पण जुन्या भिंतीला ओल धरलेली असते, नक्षी पडायला लागलेली असते, आणि ती दुरुस्त करणारा माणूस कुणाच्या ओळखीत नसतो. मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा हात फिरवलेला असतो. जांभा पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर टाकतो. वर सिमेंट थापलं की पाणी आतच कोंडतं, क्षार फुलतात आणि गिलावा पोपडे धरून पडतो. मग सगळे म्हणतात, बघा, जुनं काम टिकत नाही.

थोडक्यात, ज्यांच्याकडे कावी आहे ते ती फोडताहेत आणि ज्यांच्याकडे कधीच नव्हती ते ती पैसे मोजून मागवताहेत. मोरजीहून आसगावला जायला तासभरही लागत नाही.

हा व्यवहार मला वाईट वाटत नाही. श्रीमंतांच्या हौसेवर कलेने जगू नये असं म्हणणारे लोक विसरतात की ही नक्षी देवळांत आणि वाड्यांत आली तीही कुणाच्या तरी हौसेवरच. शनिवारवाड्यातली चित्रं काढायला पेशव्यांनी जयपूरहून भोजराज नावाच्या चिताऱ्याला बोलावलं होतं, ते काही लोककलेच्या संवर्धनासाठी नव्हे. आणि कावीच्या बाबतीत काही हातांना पुन्हा मान मिळाला आहे हे उघड आहे. आडपईचे सागर नाईक मुळे बरीच वर्षं कावीला उजेडात आणण्यासाठी धडपडताहेत. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतल्यावर गोव्याबाहेरच्या कितीतरी लोकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आडपई म्हणजे गणपती विसर्जनाच्या चित्ररथांचं गाव. तिथल्या घराघरांत हाताला वळण आहेच, त्यामुळे हा माणूस तिथून यावा याचं नवल वाटत नाही.

प्रश्न दुसरा आहे. बाजार काय विकत घेतो?

पणजीत याचं एक उत्तर बघायला मिळतं. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासू यांनी १९३५ मध्ये केलेली निळ्या-पांढऱ्या आझुलेजू फरशांची मोठी चित्रं आहेत, पोर्तुगीज महाकाव्य ‘ओश लुसियादश’मधल्या प्रसंगांची. अशा फरशा रंगवणं गोव्यात जवळजवळ थांबलं होतं. पोर्तुगालमध्ये हे शिकून आलेल्या ऑर्लांडो दि नोरोन्यांनी पणजीत कार्यशाळा काढली आणि आज गोव्यातल्या रस्त्यांच्या, घरांच्या, हॉटेलांच्या नावाच्या पाट्या पाहिल्या तर कला परत आली यात शंका राहत नाही. आझुलेजू परतली, कारण फरशी हलवता येते. कार्यशाळेत रंगवा, भट्टीत भाजा, खोक्यात भरा, पुण्याला पाठवा. तिथला कुठलाही गवंडी ती बसवेल. मुंबईच्या भारत फ्लोअरिंगचंही तसंच. १९२२ मध्ये स्वदेशीच्या भरात सुरू झालेल्या या कंपनीच्या नक्षीदार सिमेंटच्या फरशा मधल्या काळात मोझेकने आणि व्हिट्रिफाइडने मागे टाकल्या होत्या. जुने साचे आणि जुने नमुने पुन्हा काढल्यावर त्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं. जिथे वस्तू आणि जागा वेगळी करता येते तिथे पुनरुज्जीवन लवकर होतं.

कावी जागेला खिळलेली. भिंतच नसेल तर कावी नाही, भिंत चुन्याची नसेल तर बहुधा नाही, आणि माणूस तिथे जाऊन महिनाभर राहिला नाही तर मुळीच नाही. वर हंगाम : उघड्या भिंतीचं काम पावसाळ्यात निघत नाही, म्हणजे दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्याच्या आत उरकायचं. वरळीच्या टॉवरमधल्या चाळिसाव्या मजल्यावर हे कसं न्यायचं? तिथल्या आतल्या भिंती जिप्सम बोर्डाच्या. ठोकलं तर पोकळ वाजतात.

त्यावर निघालेला तोडगा म्हणजे पॅनेल. सिमेंट-फायबरच्या बोर्डावर जाळी ठोकून चुन्याचे थर चढवायचे, त्यावर कावी कोरायची, महिनाभर सुकू द्यायची आणि चौकटीत बसवून पाठवायची. चुन्याचा गिलावा जड. वीस मिलिमीटर जाडीचा घेतला तर एका चौरस मीटरला तीस किलोंच्या वर वजन जातं, बोर्ड आणि चौकट वेगळी. त्यामुळे थर दहा मिलिमीटरवर आणतात, पॅनेलचे तुकडे करतात, सांध्यांवर पितळी पट्टी मारतात. पितळी पट्टी डिझायनरांना फार आवडते. तुकड्यांच्या चित्रांत वेल पट्टीपाशी तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. भिंतीवर कारागिराला हा विचार कधी करावाच लागला नव्हता. काही पॅनेलं यातूनही सुंदर होतात. वेलीची गाठ नेमकी सांध्यावर आणून पट्टी तिच्यात लपवणारा एक तरुण मला भेटला, आणि ते पाहून माझं मत थोडं नरमलं.

तरी माझी शंका पुरती गेली नाही. पॅनेलवर काम आडवं होतं, टेबलावर, सावलीत, बसून. भिंतीवर ते उभं होतं, परांचीवर, हात डोक्याच्या वर, कमानीच्या पोटात, खांबाच्या गोलाईवर. आडव्या थरात लाल पाणी जागच्या जागी मुरतं, उभ्या थरात ते खाली ओघळू पाहतं. आवळण्याची वेळ बदलते, सळईचा कोन बदलतो. फक्त पॅनेलवर शिकलेला मुलगा उद्या देवळाचा खांब दुरुस्त करू शकणार नाही. म्हणजे दिवाणखान्यांनी कावी वाचवली असं म्हणायचं आणि देवळाची भिंत पडली तर माणूस नाही, अशी गत व्हायची.

राजस्थानात हे वेगळं घडलं, आणि ते मुद्दाम बघण्यासारखं आहे. जयपुरी आराईश हीसुद्धा चुन्याचीच करामत : चुना महिनोन्‌महिने, क्वचित वर्षभर पाण्यात मुरवायचा, त्यात संगमरवराची भुकटी, दह्याचं आणि गुळाचं पाणी, थरावर थर, मग अकीक दगडाने घोटणं आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात. नीट केलेल्या आराईशमध्ये माणसाचं प्रतिबिंब दिसतं. तीही मधल्या काळात मागे पडली होती. पण तिथल्या गढ्या, हवेल्या आणि महालांची हॉटेलं झाली तेव्हा काम खऱ्या भिंतींवर, खऱ्या कमानींत निघालं. एका हॉटेलात वर्षानुवर्षं डागडुजी चालते. तिथे बापाबरोबर मुलगा जातो, मुलाबरोबर पुतण्या. त्या फौजेतली माणसं आज मुंबई-दिल्लीच्या फ्लॅटांत आराईश करतात, आणि ते उत्तम होतं, कारण त्यांचे हात आधी भिंतीवर तयार झाले आहेत. तादेलाक्तही असंच हमामातून हॉटेलांत आणि हॉटेलांतून जगभर गेलं. कावीने मधली पायरी गाळली. ती देवळातून थेट दिवाणखान्यात आली.

आपल्याकडे ती मधली पायरी कुणी बांधलीच नाही असंही नाही. सावंतवाडीला गंजिफाच्या पत्त्यांचं चित्रकाम विझत आलं होतं तेव्हा शिवरामराजे भोसले एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून स्वतः शिकले, राजवाड्यात इतरांना शिकवलं आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवींनी ते काम पुढे नेलं. १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं. दरबारात चटई टाकून बसलेले चितारी आजही पाहायला मिळतात. पत्ते खेळणारे संपले होते, पण त्याच हातांनी पेट्या, पाट, चौरंग, आरसे रंगवले. रोज सकाळी यायचं, रोज ब्रश धरायचा, महिन्याला पगार घ्यायचा. कलाकुसरीच्या जगात पगार हा शब्द कुणाला शोभिवंत वाटत नाही, पण हात टिकवायला त्याच्याएवढं दुसरं काही उपयोगी पडत नाही. कावीच्या कारागिराला आज एक काम मिळतं, मग चार महिने काही नाही, त्या काळात तो टाइल्स बसवतो. कधीकधी देवळातच.

हॉटेलं, घरमालक आणि त्यांचे आर्किटेक्ट यांना मनावर घ्यायचं असेल तर वाट फार अवघड नाही. व्हिलाच्या कंत्राटात कावीची एक भिंत असेल, तर त्याच गवंड्यांकडून त्याच हंगामात गावच्या देवळाचा एखादा खांब, तुळशीवृंदावन, दीपमाळेचा एखादा टप्पा करून घ्यायचा. चुना तसाही भिजलेला असतो, परांची तशीही बांधलेली असते. कमिटीला टाइल्स नको सांगण्यापेक्षा नीट झालेला एक खांब दाखवणं सोपं. काही ठिकाणी असं झालं तर बरं, असं मी दोन-तीन डिझायनरांना म्हणून पाहिलं. त्यांनी माना डोलावल्या. एकाने ती कल्पना माहितीपत्रकात चांगली दिसेल असं सांगितलं.

खिडक्यांतल्या शिंपल्यांची गोष्ट मात्र उलटी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गोव्याच्या घरांबद्दल बोलणं पुरं होत नाही. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी पातळ तुकडे बसवलेले असत. त्यातून दुधाळ उजेड आत येतो. त्या शिंपल्या खाडीतल्या एका खास जातीच्या कालवांच्या, चिखलीच्या खाडीत अजून सापडतात, आणि आता वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यामुळे आज नव्या व्हिलात शिंपल्यांची खिडकी दिसली तर ती जुन्या घराची मोडून आणलेली तरी असते, नाहीतर फिलिपिन्सच्या शिंपल्यांची. पहिल्या प्रकाराला दलाल ‘रिस्टोअर्ड’ म्हणतात. एक घर मोडून दुसरं सजवण्याला हा शब्द कसा काय लागतो, हे मला कुणी समजावलेलं नाही. कावीच्या बाबतीत निदान हा धोका नाही. ती मोडून नेता येत नाही.

नक्कल मात्र होते, आणि भरपूर. सगळ्यात सोपी म्हणजे पांढऱ्या भिंतीवर स्टेन्सिल ठेवून तांबड्या ॲक्रिलिकचा रोलर फिरवायचा. एका दिवसात भिंत. त्याहून वरचा प्रकार म्हणजे लेझरने कोरलेला एमडीएफ बोर्ड, वर टेक्श्चर पेंट. दोन्हींना विक्रेते बिनदिक्कत कावी म्हणतात. तांबडं-पांढरं चित्र कुणाला हवं असेल तर खुशाल काढावं, दिसतं छानच. त्याचे पैसे मात्र रंगाऱ्याच्या दराने द्यावेत. आज होतं असं की नकलेला अस्सलचा दर लागतो आणि अस्सल काम करणाऱ्याला नकलेच्या दराशी घासाघीस करावी लागते. बिलावर डिझायनरचं नाव असतं, भिंतीवर कुणाचंच नसतं. जुन्या देवळांतही गवंड्यांची नावं नाहीत हे खरं, पण तिथे भिंत विकायला काढलेली नव्हती.

घेणाऱ्याने पारखायचं कसं? भिंतीच्या एका बाजूने, अगदी कडेने टॉर्च मारायचा. खऱ्या कावीत तांबडा वर आणि पांढरा खाली असतो, मिलिमीटरभराचा का होईना, त्यामुळे प्रत्येक रेघेला सावली पडते. स्टेन्सिलच्या कामात सावली पडत नाही, कारण तिथे पांढरा कधी कोरून उघडा केलेला नसतो. बोटाच्या टोकाने रेघ तपासायची. खाच लागली पाहिजे आणि तिची कड हाताला जराशी बोचली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात पाण्याचा बारीक फवारा मारून बघायचा : चुना पाणी पितो, गडद होतो आणि थोड्या वेळाने पूर्ववत होतो, ॲक्रिलिकवरून थेंब घरंगळतात. एकाच कमळाच्या दोन पाकळ्या हुबेहूब सारख्या निघाल्या तर शंका घ्यायची. आणि कारागिराला एक प्रश्न विचारायचा : चुना कधी भिजवला? खरं काम करणारा माणूस तारीख सांगतो. तो जर ‘तुम्ही आज सांगितलंत तर परवा सुरू करू’ म्हणाला, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवावं.

पाडव्याला गृहप्रवेश करायचा असेल आणि एक भिंत कावीची हवी असेल, तर बोलणी फेब्रुवारीत सुरू करून चालत नाही. पाऊस ओसरतो, भिंती सुकू लागतात. चुना तेव्हाच, दिवाळीत, भिजायला टाकावा लागतो.